बस कुठवर आली

प्रवेश घेतला त्या दिवशी आईनं मला एकच विचारलं, "तिथं नाव बदलावं लागतं का गं?"

मी हसले, पण खरं सांगायचं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं. छावणीच्या बाजूला, नगर नाक्याच्या अलीकडं ख्रिस्ती मंडळींनी चालवलेलं ते विद्यापीठ होतं. लांबलचक दगडी इमारत, मध्ये चर्च, आवारात कडुलिंबाची झाडं. तिथं व्यवसाय आणि तंत्रज्ञान असा जोड अभ्यासक्रम नव्यानं सुरू झाला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्यांच्या सुपरवायझरची मुलगी तिथं शिकून लगेच नोकरीला लागली होती, तेवढ्यावर अण्णांनी ठरवून टाकलं. फुलंब्रीकडं शेती बघणारा चुलता म्हणाला, "पोरीला पाद्र्याच्या शाळेत घालतो व्हय?" अण्णा म्हणाले, "कॉम्प्युटरला जात नसती."

मी मात्र पहिलं वर्षभर घाबरलेलीच होते. सगळा वर्ग इंग्रजीत चाले. सकाळी बाजारपेठ, नफातोटा, ग्राहकाचं मन असले विषय आणि दुपारी संगणकाची लॅब. दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची. सक्ती कुणावरच नव्हती, पण सगळे हॉलमध्ये जमायचे. हात जोडावेत की नाही, डोळे मिटावेत की नाही, शेजारची काय करते ते बघत मी अवघडून उभी राहायचे. शेजारी नेहमी एक ठेंगणी, वेणी घातलेली मुलगी असायची. एकदा तिनंच हळूच सांगितलं, "तू नुसती उभी राहा. देव काय हजेरी घेत नाय."

तिचं बोलणं ऐकून मी चकित झाले. ती जालन्याकडच्या एका खेड्यातली होती. तिचं घराणं आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती, पण बोलायची अगदी माझ्या आईसारखं. मी उगाच ती फाडफाड इंग्रजी बोलत असणार असं समजून तिच्यापासून लांब राहिले होते. इंग्रजीची तिलाही माझ्याइतकीच धास्ती होती. त्यानंतर आम्ही दोघी सगळीकडं बरोबर असायचो.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. व्यवसाय शिकवायला आम्हाला एक सिस्टर होत्या. मूळच्या केरळच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं बोलताना प्रत्येक शब्द पुरा उच्चारायच्या. त्यांनी सांगितलं, "लोकांना रोज ज्याची गरज भासते असे काहीतरी शोधा. ते तंत्रज्ञानाने पुरवा. आणि ते खरोखर चालवून दाखवा, केवळ कागदावर नको." वर्गातल्या कुणी हॉटेलाचं बिल घेतलं, कुणी वेरूळला येणाऱ्या पर्यटकांसाठी माहितीचं संकेतस्थळ करायला घेतलं. आम्हाला काहीच सुचेना. रोज सिस्टरांच्या समोरून जायचीही भीती वाटू लागली.

आणि मग सुट्टीच्या एका दुपारी मला ते घरातच सापडलं.

आम्ही मुकुंदवाडीला राहायचो. अण्णांची कंपनीची बस पहिली पाळी सुटली की वाळूजहून निघायची. नगर नाका, क्रांती चौक, मग जालना रोडनं आमच्या स्टॉपपर्यंत. त्या रस्त्यावर ट्रक भरधाव यायचे, दर काही दिवसांनी कुणाच्या तरी अपघाताची बातमी असायची. कारखान्यात मोबाईल न्यायला बंदी होती, त्यामुळं अण्णांचा फोन घरीच पडलेला असायचा. बसला थोडा उशीर झाला की आईचं कशात लक्ष लागायचं नाही. भाजी चिरता चिरता थांबायची, मला म्हणायची, "बघ गं, बस कुठवर आली असंल?" जणू काही मला ते ठाऊक असणार. गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं असं होतं. त्या दिवशी तिनं पुन्हा तेच विचारलं आणि मला वाटलं, हेच. रोजची गरज म्हणजे हीच की.

तेव्हा साधे फोन घराघरांत पोचले होते, पण नकाशावर गाडी दाखवणारे फोन अजून आले नव्हते. आम्ही जे बनवलं ते आज सांगताना अगदी साधं वाटतं. लॅबमधल्या एका संगणकाला सिमकार्डाची छोटी पेटी जोडली. बसच्या ड्रायव्हरजवळ एक साधा फोन दिला, त्यात एकच नंबर, आमच्या पेटीचा. त्यानं फक्त मिस कॉल द्यायचा. पहिला कंपनीच्या गेटातून निघताना, दुसरा नगर नाका ओलांडला की, तिसरा क्रांती चौक ओलांडला की. संगणक तो कॉल स्वतःच तोडायचा, कितवा आहे ते मोजायचा आणि त्याप्रमाणं सगळ्या घरी मेसेज पाठवायचा. 'बस कंपनीतून निघाली.' 'बस नगर नाक्याच्या पुढं आली.' 'बस क्रांती चौकातून निघाली.'

ड्रायव्हर म्हणजे सगळ्यांचे चाचा. पांढरी दाढी, गळ्यात चौकड्याचा रुमाल. त्यांना समजावून सांगताना मीच जास्त गडबडले. ते म्हणाले, "बेटी, एक बटन दबाना है ना? दबा दूँगा. इसमें क्या बडी बात है."

आणि ते खरंच चालायला लागलं. पहिल्या दिवशी तिन्ही मेसेज बरोबर आले तेव्हा आम्ही दोघी लॅबमध्ये एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. घरी आईनं तर तिसरा मेसेज आला की चहा टाकायचा असा नेमच करून टाकला. अण्णा दारात आणि चहा कपात. गल्लीतल्या बायका मला थांबवून सांगायच्या, "लई बेस केलंस गं." मला आनंद व्हायचा, पण रोज दुपारी बसची वेळ झाली की सारखं घड्याळाकडं लक्ष जायचं. आज मेसेज गेला नाही तर? पेटी बंद पडली तर? मैत्रीण म्हणायची, "आईची काळजी काढून तू आपल्या डोक्यावर घेतली बघ."

तसे बरेच दिवस सुरळीत गेले. मग तो दिवस आला.

दुपारी सिस्टरांचा तास होता. फोन आवाज बंद करून पिशवीत ठेवलेला. तास संपल्यावर बाहेर येऊन बघते तर तिन्ही मेसेज येऊन पडलेले, आणि तिन्ही जवळपास एकाच वेळी. कंपनीतून निघाली, नगर नाक्याच्या पुढं आली, क्रांती चौकातून निघाली. मैत्रिणीनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "बस काय उडत आली का?"

आम्हाला वाटलं, पेटीत काहीतरी बिघाड झाला. लॅबकडं निघालो तेवढ्यात आईचा फोन.

"अगं, बस आली नाय अजून. मेसेज येऊन लई येळ झाला. चहा आटून गेला."

"येईल आई. मशीनचा घोटाळा दिसतोय."

"मग खरी बस कुठंय?"

मी फोन ठेवला. लॅबमध्ये पोचलो तर पडद्यावर चाचांच्या फोनवरून आलेल्या कॉलची रांग लागलेली. तीन नव्हे, कितीतरी. एकापाठोपाठ एक. आणि प्रत्येक कॉलपुढं संगणकानं लिहिलेलं होतं, 'तोडला'. पहिल्या तीन कॉलचे मेसेज त्यानं इमानानं पाठवून दिले होते. पुढच्यांचं काय करायचं ते आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.

मैत्रीण हळूच म्हणाली, "चाचा मिस कॉल देत नव्हते गं. ते आपल्याला फोन करत होते."

मी चाचांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मध्येच गल्लीतल्या बायकांचे फोन यायला लागले. एकीनं विचारलं, "बस क्रांती चौकातून निघाली म्हणता, मग गेली कुठं?" मी नुसतं "बघते, बघते" म्हणत राहिले. अपघात, एवढा एकच शब्द डोक्यात घुमत होता.

सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या ते आम्हाला कळलंही नाही. मैत्रिणीनं त्यांना सांगितलं. त्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मी गाडी काढते. दोघी चला."

विद्यापीठाची एक जुनी जीप होती. सिस्टर ती स्वतः चालवायच्या. आम्ही नगर नाक्याहून वाळूजच्या रस्त्याला लागलो. समोरून येणारी प्रत्येक बस मी वाकून बघत होते. रस्त्याच्या कडेला जरा गर्दी दिसली की मान बाहेर काढायचे. एका ठिकाणी खरंच लोक जमले होते. सिस्टरांनी जीप थांबवली. कांद्याचा ट्रक कलंडला होता, बाकी कुणाला काही झालं नव्हतं. मैत्रीण मागं बसून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मी विठ्ठलाचं नाव घेतलं, मग घृष्णेश्वराचं, मग कुणाकुणाचं घेतलं ते आठवत नाही.

आम्ही थेट कंपनीच्या गेटपर्यंत गेलो. वॉचमन म्हणाला, "ती बस? ती तर कवाच गेली." म्हणजे बस निघाली होती आणि आम्ही आलो त्या रस्त्यावर ती कुठंच नव्हती. परत फिरलो.

छावणीत शिरताना सिस्टरांनी या वेळी मागच्या रस्त्यानं जीप घेतली, तेव्हा मैत्रीण एकदम ओरडली, "सिस्टर, थांबा! ती बघा!"

विद्यापीठाला मागून लागूनच असलेल्या मिशनच्या दवाखान्याच्या आवारात, फाटकातच तिरकी उभी केलेली बस होती. दार सताड उघडं. मी धावत आत चढले. आत कुणीच नाही. चाचांचा फोन ड्रायव्हरच्या सीटखाली पडलेला. अण्णा नेहमी डाव्या बाजूला तिसऱ्या सीटवर बसायचे. तिथं त्यांची डब्याची पिशवी होती, आणि खाली एक चप्पल पडलेली. ती अण्णांची आहे की नाही, मला ओळखता येईना. रोज दारात दिसणारी चप्पल, पण त्या क्षणी काही केल्या आठवेना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात निळ्या कपड्यांतली माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी एकेकाचं तोंड बघत गेले. अण्णा नव्हते. एकजण मला ओळखून काही बोलणार, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि अण्णा बाहेर आले. शर्ट घामानं भिजलेला, पायांत दोन्ही चपला.

मला बघून म्हणाले, "तू इथं कशाला? कॉलेज बुडवलं का?"

मी रडायला लागले. मग त्यांना कळेना काय करावं. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

झालं होतं असं. अण्णांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा एक माणूस, बसमध्येही त्यांच्या शेजारीच बसणारा. गेटातून बस बाहेर पडली आणि त्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला, तो सीटवरून खाली घसरला. अण्णांनी त्याला मांडीवर घेतलं. चाचांनी बस दामटली. बसमध्ये फोन एकच, आमचा. चाचांना वाटलं, पोरी दवाखान्याच्या शेजारीच शिकतात, त्यांना सांगावं, म्हणजे त्या आधीच डॉक्टरला गाठतील, स्ट्रेचर तयार ठेवतील. एका हातानं स्टिअरिंग, एका हातानं फोन. ते बटण दाबत राहिले आणि आमचा संगणक प्रत्येक वेळी फोन तोडत राहिला.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. माणूस वाचला. पण हे कळायला अजून बराच वेळ होता.

मी आधी आईला फोन लावला. "अण्णा बरे आहेत," म्हटलं. ती म्हणाली, "मला तुझं सांगणं नको. त्यांचा आवाज ऐकव." अण्णांनी फोन घेतला. "हां. मी हाय ना. काय झालं नाय मला." पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. अण्णा तसेच फोन कानाला लावून कितीतरी वेळ उभे होते.

मैत्रिणीनं फोन करून कळवलं तशी त्या आजारी माणसाची बायको रिक्षानं आली. पदर डोक्यावरून घसरलेला, हातात फोन घट्ट धरलेला. तिला आत जाऊ देत नव्हते. ती माझ्याकडं वळली आणि फोनचा पडदा माझ्यासमोर धरला. "हे तुम्हीच पाठवता ना? क्रांती चौकातून निघाली म्हणून? मी स्टॉपवर जाऊन उभी राहिले की गं माय." ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, की तिचा नवरा त्या वेळी नेमका कुठं होता. मैत्रिणीनं तिला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्याजवळच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता प्रकल्प बंद करायला सांगणार. त्या म्हणाल्या, "उद्याच्या प्रार्थनेत त्या गृहस्थांचे नाव घ्यावे असे वाटते. पण त्यांच्या घरच्यांना चालेल का? विचारून सांग." मी अण्णांकडून विचारलं. त्या बाईनं निरोप पाठवला, "घ्या म्हणावं. कुणी बी घ्या." त्या सकाळी हॉलमध्ये त्याचं नाव ऐकताना मी शेजारी कोण काय करतंय ते बघितलंच नाही.

दोन-तीन दिवसांनी चाचा विद्यापीठाच्या फाटकावर आले. फोन रुमालात गुंडाळून आणलेला. माझ्या हातात दिला.

"बेटी, ये रख लो. मैं पुकारता रह्या, ये मेरी बात काटताच रह्या."

"चाचा, हम उसको ठीक करेंगे."

"करो. पन मेरे को नको अब. मेरे हाथ काँपते इसको देखे तो."

ते गेले आणि आम्ही दोघी कडुलिंबाखाली बसलो. परीक्षा तोंडावर आली होती. नवा विषय घ्यायला वेळ नव्हता. जुना चालवायला मन धजत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "फोन तोडायचाच नाय. उचलायचा."

"कोण उचलणार?"

"आपण. दुसरं कोण?"

मग आम्ही सगळं बदललं. चाचांचा फोन आला की लॅबमध्ये दोघींपैकी एकजण उचलायची. कुठं आहात, सगळं ठीक का, एवढं विचारायचं आणि मगच संगणकाला सांगायचं, मेसेज सोड. बसच्या वेळी आमच्यातली एक तिथं हवीच. मी चाचांकडं पुन्हा गेले, अण्णांना बरोबर घेऊन. चाचांनी आधी हात पुढं केला नाही. मग विचारलं, "उठाएगा कौन? मशीन, की तुम?" मी म्हटलं, "मी." त्यांनी फोन घेतला.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतले मोठे अधिकारी, करड्या केसांचे. मैत्रिणीनं इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच अडखळली, मी पुढचं वाक्य घेतलं आणि मीही अडखळले. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "मराठीत सांगा. सरांना मराठी येते."

मी सगळं सांगितलं. बस, मिस कॉल, दवाखाना, तोडलेले कॉल. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून विचारलं, "पण आता तर तुम्ही यंत्राचं काम माणसाला दिलंत. शंभर बस झाल्या तर शंभर मुली बसवणार? यात धंदा कुठं आहे?"

मला पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. मी म्हटलं, "सर, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण पलीकडं काय झालंय ते न विचारता मेसेज पाठवायची आता मला भीती वाटते."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

निकाल लागला तेव्हा आम्हाला मध्यम गुण होते. वेरूळच्या संकेतस्थळवाल्यांना बक्षीस मिळालं. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. मैत्रीण म्हणाली, "पास झालो ना? चल, भेळ खाऊ." तिला त्या उन्हाळ्यातच पुण्यात नोकरी लागली. मला लागायला आणखी वर्ष गेलं, आणि ते वर्ष कसं काढलं ते मलाच ठाऊक. तो आजारी माणूस आमची लॅब सुटायच्या आधीच कामावर परतला होता. त्याला हलकं काम मिळालं, स्टोअरमधलं.

विद्यापीठ सुटलं तशी लॅबही सुटली, पेटी परत द्यावी लागली. लॅबमधल्या त्या शेवटच्या दिवशी चाचांचा क्रांती चौकातून फोन आला तेव्हा मी उचलला. "चाचा, उद्यापासून फोन करू नका. आमचं शिक्षण संपलं."

पलीकडं हॉर्न वाजत होते. "अच्छा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "सब ठीक है, बेटी. गाडी में सब ठीक है."

त्या दिवशी आम्ही मेसेज पाठवला नाही. दोघींनी मिळून एकेका घरी फोन केला आणि सांगितलं, बस क्रांती चौकातून निघाली, आणि उद्यापासून हे बंद. बहुतेकींनी "बरं" म्हटलं. त्या आजारी माणसाच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता काळजी आमची आम्हीच करायची, व्हय ना?"

"हो, मावशी," मी म्हटलं.

ती हसली. मागं कुकरची शिट्टी झाली, तिनं "ठेवते गं" म्हणून फोन ठेवला, आणि मी पुढच्या घराचा नंबर लावला.